पाठीतील पाणी आणि निदानाचा दावा : प्रिऑन रोगाच्या जैवसूचकांची एक समीक्षा

प्रस्तावना

वैद्यकातील एखाद्या चाचणीची समीक्षा त्या शास्त्रातील तज्ज्ञांनीच करावी, इतरांनी त्यात पडू नये, असा आपल्या महाविद्यालयीन वर्तुळात एक अलिखित संकेत आहे. संकेत सोयीचा असला तरी तो योग्य आहे असे मात्र नाही. एखादी चाचणी ‘अमुक टक्के अचूक’ आहे असे विधान जेव्हा केले जाते, तेव्हा त्यात रसायनशास्त्राबरोबर संख्याशास्त्र असते, तर्कशास्त्र असते आणि भाषाही असते. तेवढ्यापुरता तो दावा सर्व विद्याशाखांच्या अध्यापकांपुढे तपासणीसाठी खुला असतो. प्रस्तुत लेखात प्रिऑन रोगाच्या निदानासाठी मेंदू व मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात शोधल्या जाणाऱ्या जैवसूचकांविषयीच्या काही महत्त्वाच्या प्रतिपादनांचा या दृष्टीने विचार केला आहे. या द्रवाला पाठ्यपुस्तकात ‘मस्तिष्कमेरुद्रव’ म्हणतात. आपल्या भागातील रुग्ण त्याला ‘पाठीतलं पाणी’ म्हणतो. पुढील विवेचनात दोन्ही शब्द येतील.

विषय दूरचा वाटू शकेल, म्हणून एक हिशेब आधीच मांडतो. प्रिऑन रोगांपैकी माणसात सर्वाधिक आढळणारा रोग म्हणजे क्रॉइट्झफेल्ट-याकोब रोग. ज्या देशांत त्याची नोंद काटेकोरपणे होते तेथे दर दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला एक ते दोन रुग्ण आढळतात. २०११ च्या जनगणनेनुसार बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार २५८ होती. हे प्रमाण येथे लागू केले तर तेरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात दरवर्षी तीन ते पाच माणसे या रोगाने दगावत असली पाहिजेत. महाराष्ट्राची २०११ ची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या घरात होती. त्या हिशेबाने राज्यात वर्षाला शंभर ते सव्वादोनशे रुग्ण व्हावेत. उलटपक्षी, बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७१ ते १९९० या काळातील भारतीय रुग्णांचा आढावा १९९१ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा दोन दशकांत साऱ्या देशातून हाती आलेले रुग्ण काही डझनांपलीकडे गेले नव्हते. आपल्याकडे रोग खरोखरच विरळ आहे, की तो पक्षाघात, वेड, म्हातारपण, बाहेरची बाधा अशा नावांखाली नोंदीबाहेर जातो? या प्रश्नाचे उत्तर बरेचसे चाचणीवर अवलंबून आहे. म्हणूनच चाचणीची चिकित्सा आवश्यक ठरते.

रोगाचे स्वरूप

जर्मनीत क्रॉइट्झफेल्ट यांनी १९२० मध्ये आणि याकोब यांनी १९२१ मध्ये ज्या रुग्णांचे वर्णन केले त्यांवरून हे नाव रूढ झाले. साधारणतः साठीच्या आसपासचा, कालपर्यंत व्यवहार सांभाळणारा माणूस काही आठवड्यांत विसराळू होतो, चालताना झोकांड्या खातो, हातापायांना अचानक झटके येतात, पुढे बोलणे थांबते. बहुसंख्य रुग्ण वर्षाच्या आत दगावतात. कित्येकांना पाच-सहा महिनेही मिळत नाहीत. आजवर यावर रोग थांबवणारा उपचार सापडलेला नाही.

कारण विलक्षण आहे. येथे जिवाणू नाही, विषाणू नाही. मेंदूत स्वाभाविकपणे असणारे एक प्रथिन आपली घडी बदलते, आणि बदललेली घडी शेजारच्या निरोगी प्रथिनाला आपल्यासारखे करून टाकते. १९८२ मध्ये स्टॅनली प्रुसिनर यांनी अशा संसर्गक्षम प्रथिनाला ‘प्रिऑन’ हे नाव दिले. प्रारंभी त्यांच्या मताची बरीच टिंगल झाली, १९९७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वर्गात समजावून सांगताना विरजणाचा दाखला पुरेसा होतो. दुधाच्या भांड्यात दह्याचा एक थेंब पडला की सबंध दुधाचे दही होते, आणि त्या दह्याचा थेंब पुढच्या भांड्यालाही पुरतो.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. वृत्तपत्रांमुळे हा रोग म्हणजे ‘मॅड काऊ’ अशी समजूत झाली आहे. गोमांसाशी संबंध जोडला गेला तो १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये वर्णिलेल्या वेगळ्या प्रकाराचा. जगातील सुमारे ८५ टक्के रुग्णांत रोग कोणत्याही ज्ञात बाह्य कारणाशिवाय उद्भवतो, उरलेल्यांपैकी बहुतेकांत तो आनुवंशिक असतो. रुग्णाने काय खाल्ले याची चौकशी करत बसणाऱ्या नातलगांना, आणि तशी चौकशी करणाऱ्या शेजाऱ्यांना, एवढे कळले तरी एका कुटुंबाची अकारण बदनामी टळते.

धूर आणि अग्नी

निश्चित निदान मेंदूच्या ऊतीची तपासणी केल्यावरच होते, म्हणजे बहुधा मृत्यूनंतर. जिवंतपणी निदान करता यावे यासाठी पाठीतील पाण्याकडे लक्ष गेले. १९८६ मध्ये हॅरिंग्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांच्या द्रवात दोन अनोळखी प्रथिने आढळल्याचे नोंदवले. दहा वर्षांनी, १९९६ मध्ये, श्येह, हॅरिंग्टन, गिब्ज आदींनी ती ‘१४-३-३’ या प्रथिनकुलातील असल्याचे दाखवले. त्यांच्या निबंधात ७१ पैकी ६८ रुग्णांत हे प्रथिन सापडले होते. म्हणजे संवेदनशीलता ९६ टक्के. निबंध गाजला. १९९८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने संभाव्य निदानाच्या निकषांत या चाचणीला स्थान दिले.

त्या निबंधाच्या इंग्रजी शीर्षकात लेखकांनी ‘मार्कर’ हा शब्द योजला होता. आपण त्याला सूचक म्हणू. लेखक सावध होते. नागीण-विषाणूमुळे होणारा मेंदूदाह, नुकताच झालेला पक्षाघात अशा रुग्णांतही हे प्रथिन आढळू शकते, हे त्यांनी सांगितले होते. वाचक तेवढे सावध राहिले नाहीत. सूचकाचा निदानक झाला.

१४-३-३ हे प्रिऑनचे प्रथिन नाही. ते चेतापेशींच्या आत विपुल असते; पेशी वेगाने मरू लागल्या की ते द्रवात झिरपते. टाऊ या प्रथिनाचेही असेच आहे. आपल्या न्यायशास्त्राने धुरावरून अग्नीचे अनुमान हा आदर्श नमुना मानला. धूर दिसला तर कोठेतरी आग आहे हे खरे. पण जळते आहे ते गवताची गंजी की घर, हे धूर सांगत नाही. १४-३-३ वरून ‘मेंदूच्या पेशी झपाट्याने नष्ट होत आहेत’ एवढे अनुमान निर्दोष आहे. ‘त्या प्रिऑनमुळे नष्ट होत आहेत’ असे म्हणताच हेतू अनैकान्तिक होतो, कारण साध्य नसलेल्या ठिकाणीही तो आढळतो.

हा तर्कदोष पुढे आकड्यांतही उघड झाला. २०१२ मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीच्या वतीने मुआयकिल, ग्रॉनसेथ व कॅमिचिओली यांनी तोवरच्या अभ्यासांचे एकत्रित परीक्षण केले. संवेदनशीलता ९२ टक्के, विशिष्टता ८० टक्के असा त्यांचा निर्वाळा होता. ८० टक्के विशिष्टतेचा अर्थ असा की हा रोग नसलेल्या दर पाचांपैकी एकाचा अहवाल होकारार्थी येईल.

वर्तुळाकार प्रमाण

माझ्या मते या साहित्यातील सर्वांत गंभीर उणीव मात्र दुसरीच आहे, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. चाचणी अचूक आहे हे ठरवायचे तर ज्यांच्याशी ताडून पाहायचे ते रुग्ण स्वतंत्रपणे सिद्ध झालेले हवेत, म्हणजे शवविच्छेदनाने. प्रत्यक्षात अनेक अभ्यासांनी ‘निश्चित’ रुग्णांबरोबर ‘संभाव्य’ रुग्णही धरले. १९९८ नंतर ‘संभाव्य’ ठरवण्याच्या निकषांत १४-३-३ स्वतःच समाविष्ट होते. म्हणजे ज्याचा गुण तपासायचा तोच परीक्षक. परीक्षेच्या उत्तरपत्रिका विद्यार्थ्याकडूनच तपासून घेतल्या तर निकाल चांगला लागणारच! असे अभ्यास खोटे नसतात, पण त्यांतील टक्केवारी फुगलेली असण्याचा संभव राहतो. या दृष्टीने केवळ ऊतिपरीक्षेने सिद्ध झालेल्या रुग्णांवर उभे असलेले निबंध अधिक वजनदार मानले पाहिजेत.

असा एक निबंध येथे विशेष उल्लेखनीय आहे. चित्रवास व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय प्रिऑन रोग केंद्राकडे आलेल्या १,१०६ मेंदूंच्या शवविच्छेदनाचा आढावा घेतला. हे सर्व रुग्ण प्रिऑन रोगाच्या संशयावरून पाठवलेले होते. त्यांपैकी ३५२, म्हणजे ३२ टक्के, रुग्णांना तो रोग नव्हताच. ज्यांची ऊती पुरेशी होती अशा ३०४ जणांत १५४ जणांना अल्झायमर होता, ३६ जणांना रक्तवाहिन्यांच्या विकारामुळे आलेला स्मृतिभ्रंश; आणि ७१ जणांना असे विकार होते की ज्यांवर उपचार होऊ शकला असता. या ७१ च्या आकड्याजवळ वाचकाने थोडे थांबावे. असाध्य रोगाचे लेबल चुकीने लागले की उपचार थांबतात, आणि मग ते लेबल स्वतःला खरे करून दाखवते.

विरजणाची परीक्षा

२०११ मध्येच अताराशी व सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि विषयाला वेगळे वळण लागले. त्यांच्या पद्धतीला ‘आरटी-क्विक’ म्हणतात. प्रयोगशाळेत तयार केलेले शुद्ध, निरोगी घडीचे प्रिऑन प्रथिन घ्यायचे, त्यात रुग्णाच्या पाठीतील पाण्याचा अल्प अंश मिसळायचा, मिश्रण ठराविक अंतराने हलवत राहायचे आणि थायोफ्लेविन-टी या रंगद्रव्याची चमक वाढते का ते पाहायचे. द्रवात बिघडलेल्या घडीचे बीज असेल तर निरोगी प्रथिन त्याच्यामागे जाते आणि चमक चढते. वर दिलेला दाखला पुढे नेला तर, हे सरळसरळ विरजण लावून पाहणे आहे. दूध शुद्ध आहे याची खात्री असल्यावर दही लागले तर थेंबात विरजण होते, दुसरे कारण संभवत नाही.

तर्काच्या अंगाने पाहता ही केवळ अधिक चांगली चाचणी नव्हे, ती वेगळ्या जातीची चाचणी आहे. १४-३-३ परिणाम मोजते. आरटी-क्विक कारणाची करणी पाहते. अताराशी यांच्या निबंधात संवेदनशीलता ८० टक्क्यांहून अधिक आणि विशिष्टता १०० टक्के होती. आरंभीच्या पद्धतीला साडेतीन-चार दिवसांपर्यंत वेळ लागे. २०१५ नंतरच्या सुधारित पद्धतीत वेगळे प्रथिन व अधिक तापमान वापरल्याने हा वेळ एका दिवसाच्या आत आला आणि संवेदनशीलता ९० टक्क्यांच्या वर गेली. विशिष्टता बहुतेक अभ्यासांत ९८ ते १०० टक्क्यांच्या दरम्यान राहिली. ही कामगिरी खरोखर थोर आहे, आणि तिचे श्रेय देताना हात आखडता घेण्याचे कारण नाही.

पण ‘९९ टक्के’ हा आकडा ऐकल्यावर आपली विवेकबुद्धी जरा सैल पडते. समजा, झपाट्याने बुद्धिभ्रंश होत चाललेले, इतर तपासण्या करून निवडलेले १,००० रुग्ण आहेत आणि त्यांपैकी निम्म्यांना खरोखर प्रिऑन रोग आहे. ९२ टक्के संवेदनशीलता व ९९ टक्के विशिष्टता धरली तर ४६० खरे होकार मिळतील आणि केवळ ५ खोटे. येथे होकारावर विसंबता येते. आता निवड न करता विसरभोळेपणाची तक्रार घेऊन येणाऱ्या सरसकट १,००० जणांचे पाणी तपासले आणि त्यांत रोगी फक्त १० असले, तर खरे होकार ९ आणि खोटे होकार १० येतील. चाचणी तीच, प्रयोगशाळा तीच, तरीही होकारार्थी अहवालाचा अर्थ नाणेफेकीइतका उरतो. १४-३-३ चे या दुसऱ्या गटात काय होईल? ९ खरे, १९८ खोटे. आणि पहिल्या, निवडलेल्या गटातही आरटी-क्विकचा नकार मिळालेल्या ५३५ जणांपैकी ४० जणांना रोग असेलच.

हा हिशेब केवळ वर्गातला नाही. २०१७-१८ नंतर युरोप-अमेरिकेतील निदाननिकषांत बदल झाले आणि कोणताही वाढत जाणारा मेंदूविकार अधिक आरटी-क्विकचा होकार एवढ्यावर ‘संभाव्य’ निदान मान्य झाले. २०२१ मध्ये हेर्मान व सहकाऱ्यांनी लॅन्सेट न्यूरॉलॉजीतील आढाव्यात जैवसूचकांना असेच मध्यवर्ती स्थान दिले. बदलामागचा हेतू समजण्यासारखा आहे : रोग लवकर, पूर्ण स्वरूपात येण्यापूर्वी ओळखता यावा. परंतु दाराची चौकट रुंद केली की आत येणाऱ्यांत रोग्यांचे प्रमाण घटते आणि होकाराचे मोल त्याबरोबर उतरते. ज्या देशांत तज्ज्ञ केंद्र नमुना स्वीकारण्यापूर्वी रुग्णाचा वृत्तांत वाचते, एमआरआय पाहते, तेथे ही गळती रोखली जाते. जेथे नमुना कुरिअरने जातो आणि अहवाल ईमेलने येतो, तेथे ती कोण रोखणार?

याशिवाय चाचणीच्या स्वतःच्या मर्यादा आहेत. गोमांसाशी संबंधित प्रकारात आरटी-क्विक बहुधा नकार देते. काही आनुवंशिक व विरळ प्रकारांतही ती कमी पडते. नमुन्यात रक्त मिसळले तर ते या अभिक्रियेला अटकाव करते, आणि १४-३-३ च्या बाबतीत उलट खोटा होकार देऊ शकते. म्हणजे सुई टोचणाऱ्या हाताचे कौशल्य अहवालाच्या अर्थात उतरते.

जिल्ह्यातून पाहताना

बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्‌घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. त्यापूर्वी जिल्ह्यातील अवघड रुग्णांना अकोला, छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूर गाठावे लागे, आणि मेंदूविकाराच्या बाबतीत ती वाट अद्याप पुरती बंद झालेली नाही. लोणार किंवा संग्रामपूर तालुक्यातील एखाद्या गावातून निघालेले कुटुंब तीन शहरे आणि तितकेच एमआरआय पार करते, तोवर रोगाचे निम्मे आयुष्य सरलेले असते. अशा कुटुंबाच्या दृष्टीने असाध्य रोगाचेही निदान निरुपयोगी नाही. कोठे थांबावे, शेत विकावे की नाही, हे त्यावर ठरते.

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पथकासह अनेक तज्ज्ञ धावून आले. पाणी, धान्य, रक्त सारे तपासले गेले. ते योग्यच झाले. परंतु तो विकार डोळ्यांना दिसत होता आणि एकाच वेळी अनेकांना झाला होता. वर्षाला तीन-पाच घरांत, एकमेकांपासून पन्नास कोसांवर, म्हाताऱ्या माणसाला होणाऱ्या रोगासाठी पथक येत नाही. तो मोजला जाण्याचा मार्ग एकच : संशय घेणारा डॉक्टर आणि नीट घेतलेला नमुना.

त्या नमुन्याच्या वाटेत पहिला अडथळा लोकसमजुतीचा आहे. ‘पाठीतलं पाणी काढलं की माणूस कायमचा कंबरेतून जातो’ ही धास्ती आपल्याकडे खोल आहे. वस्तुतः सुई कंबरेच्या खालच्या मणक्यांत, मेरुरज्जू जेथे संपतो त्याच्या खाली घातली जाते आणि काढलेले पाणी शरीर काही तासांत भरून काढते. डोकेदुखी मात्र काही रुग्णांना होते, ती आधी सांगितली तर विश्वास वाढतो. दुसरा अडथळा शवविच्छेदनाचा. आपल्याकडे ते पोलीस प्रकरणाशीच जोडलेले आहे, आणि अंत्यविधी लवकर उरकण्याची रीत आहे. त्यामुळे भारतीय रुग्णांबाबत चाचणीची अचूकता स्वतंत्रपणे ताडून पाहण्याचे साधन दुबळे राहते; परदेशी टक्केवारी उसनी घ्यावी लागते. ज्या लोकसंख्येत क्षयजन्य मेंदूज्वर व इतर मेंदूदाह अधिक आहेत तेथे १४-३-३ चे खोटे होकार अधिक निघतील, हे तर्काने दिसते. तेव्हा ८० टक्क्यांचा तो आकडासुद्धा येथे जसाच्या तसा धरता येणार नाही.

या साऱ्या चर्चेत एका जुन्या, स्वस्त सूचकाची उपेक्षा झाली आहे. क्रॉइट्झफेल्ट-याकोब रोगात पाठीतील पाण्यात दाहाच्या पेशी सामान्यतः वाढत नाहीत. पाणी नितळ आणि साधारण असते. पेशी वाढलेल्या दिसल्या तर डॉक्टरने प्रिऑनचा विचार बाजूला ठेवून क्षय, नागीण-विषाणू, स्वप्रतिकारजन्य मेंदूदाह यांचा माग काढला पाहिजे, कारण त्यांवर औषध आहे. ही मोजणी साध्या सूक्ष्मदर्शकावर होते आणि जिल्हा रुग्णालयात होऊ शकते. तिच्यासाठी शुद्ध प्रथिन लागत नाही, परदेशी यंत्र लागत नाही. तरी अनेकदा महागड्या अहवालाच्या प्रतीक्षेत हा कागद फाइलच्या तळाशी राहतो.

अहवालाची भाषा हा शेवटचा मुद्दा. ‘पॉझिटिव्ह’ एवढा एक शब्द इंग्रजीत छापून नातलगांच्या हाती देणे हे निदान नव्हे. नमुन्यात लाल पेशी किती होत्या, चाचणी १४-३-३ ची की आरटी-क्विकची, असल्यास कोणत्या पिढीची, उपचारक्षम विकार कोणत्या तपासण्यांनी वगळले आणि कोणते वगळायचे राहिले, एवढे चार-पाच ओळींत, मराठीत, लिहून देता येते. ‘निश्चित’ हा शब्द त्या ओळींत असू नये. रुग्ण जिवंत आहे तोवर, मेंदूच्या ऊतीची तपासणी झालेली नसेल तर, तो शब्द कोणत्याच पाण्यातून निघत नाही.